दोन नकोत, एकच

परवा कट्टा गावच्या जत्रेत दशावतारी नटांच्या रंगाचा वास आला आणि कसाल गावातली ती दुपार आठवली. चुलतभावाच्या, बाबलदादाच्या नाटक कंपनीचा आजचा खेळ कुठल्या गावी, हे सांगणारी संगणकाची छोटी स्क्रिप्ट मी लिहिली होती. माझ्या संगणकावर, कमांड लाइनवर हुकूम टाइप केला की ती चोख चालायची. लोकांना पाहता यावं म्हणून वेब सर्व्हरवर चढवली तर पान कोरं. त्यात नेमकं त्या दिवशी खेळाचं गाव बदललं होतं. पान उघडलं नाही, तर लोक भलत्याच देवळासमोर जमले असते.

रंगाचे डबे भरता भरता दादा म्हणाला, "गो, तुझी स्क्रिप्ट घरात बोलता नि भायर मुकी! दुसरी लिही."

"दोन नकोत," मी म्हटलं. "एकीत गाव बदललो, तरी दुसरीत जुनोच रवतलो."

मी बसून चूक शोधली. स्क्रिप्ट गावांची फाइल जिथून चालवली त्या फोल्डरमध्ये बघत होती आणि सर्व्हरवर तो फोल्डर वेगळाच होता. फाइलचा पूर्ण पत्ता दिला. आपल्याला कमांड लाइनवरून चालवलंय की सर्व्हरवरून, हे आधी पाहून त्याप्रमाणे ओळी मांडायला तिला शिकवलं. दोन्हीकडे एकच गाव आलं.

तेव्हा मला फक्त ते कोरं पान दिसत होतं. आता दिसतात ती त्या रात्री योग्य देवळासमोर चटया टाकून बसलेली माणसं.