उतारावरची सोबत

माझं लग्न झालं तेव्हा मी चिखल्याच्या मॅंगनीज खाणीवर टिपर चालवत होतो. टिपर एका ठेकेदाराचा. बाया घमेल्यांनी माल भरायच्या, मी तो रेल्वेच्या साइडिंगवर, मालगाड्या भरतात तिथे, नेऊन ओतायचो आणि रिकामी गाडी घेऊन पुन्हा रांगेत लागायचो. महिन्याचा पगार बांधलेला होता, पण तो खोलीभाड्यात आणि किराण्यात संपून जाई. कपडालत्ता, औषधपाणी, आंधळगावला आईबाबांना पाठवायचे ते, सगळं खेपेच्या भत्त्यावर चालायचं. जितक्या खेपा तितका भत्ता. त्यामुळे आम्ही ड्रायव्हर लोक जेवायलाही खाली उतरत नसू. इकडे माल भरला जायचा, तिकडे मांडीवर डबा.

घरी धानाची शेती होती, पण ती दोन मोठ्या भावांनाच पुरत नव्हती. म्हणून मी तुमसरला राइस मिलच्या ट्रकवर गाडी शिकलो आणि इकडे आलो. बायको नाकाडोंगरीकडची, जंगलाला लागून असलेल्या गावातली. संध्याकाळी मी डोक्यापासून पायापर्यंत काळा होऊन यायचो. ती अंगणात गरम पाणी काढून ठेवायची. लग्नानंतर आठेक दिवसांनी ती मला साबण देताना हसून म्हणाली, "तुमी गोरे आहा का काळे, मले अजून समजलंच नाही."

त्या हिवाळ्याच्या शेवटी माझ्या गाडीचा ब्रेक गेला. साइडिंगच्या वाटेवर एक लांब उतार होता आणि त्याच्या खाली नाल्यावरचा अरुंद पूल. माल भरलेली गाडी घेऊन मी उतरत होतो. ब्रेकवर पाय दिला तर पॅडल सरळ खाली टेकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. खाली पुलावर एक बैलगाडी चालली होती. बाजाराहून परतणारं कुटुंब असावं. म्हातारा गाडी हाकत होता आणि मागे एक बाई पोराला पोटाशी घेऊन बसली होती. मी हॉर्न दाबून धरला, गियर खाली पाडला, तरी गाडी थांबेना. शेवटी पुलाच्या थोडं आधी स्टेअरिंग डावीकडे ओढलं आणि टिपर धानाच्या मोकळ्या बांधीत, कापणी झालेल्या शेतात, घातला. एक धुरा, म्हणजे मातीचा बांध, फुटला, दुसऱ्या धुऱ्यात पुढची चाकं रुतली, तेव्हा गाडी उभी राहिली.

कोणाला खरचटलंही नाही. म्हातारा बैल सोडून धावत आला. मला खाली उतरवून त्यानं स्वतःच्या लोट्यातलं पाणी पाजलं आणि बराच वेळ माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. तोपर्यंत मी बरा होतो. त्याचा हात पाठीवर पडला आणि मी तिथंच धुऱ्यावर बसलो.

दोन दिवसांत ब्रेक दुरुस्त झाला. मिस्त्रीनं माझ्यासमोर गाडी चालवून दाखवली. मी मान हलवली आणि कामाला लागलो. पण उतार जवळ आला की माझ्या तळहातांना घाम सुटायचा. मी उताराच्या माथ्यावर गाडी उभी करायचो, खाली उतरून चाकं पाहायचो, ब्रेक दाबून पाहायचो, विडी ओढायचो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे निघून जायच्या. बाकीच्यांच्या मानानं माझ्या खेपा निम्म्यावर आल्या. खेपा लिहिणारा मुनशी म्हणाला, "काहून गा, गाडीत झोपून राहिला का तू?" मी गाडी रांगेत लावली. घरी यातलं काही सांगितलं नाही. भत्ता कमी आला तरी बायकोनं विचारलं नाही.

मी उताराच्या माथ्यावर थांबतो, हे तिला शेजारणीकडून कळलं. शेजारणीचा नवरा त्याच रस्त्यावर गाडी चालवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तर ती दोन डबे बांधून, पदर खोचून दारात उभी.

"मी बी येतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायाही असंच बोलतात.

"कुठं?"

"गाडीवर. तुमच्या बाजूनं जागा खालीच रायते ना?"

"लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन का बायको संग घेऊन फिरते. म्हनू द्या."

लोक खरंच म्हणाले. भराईवरच्या बायांनी तिला नाव घ्यायला लावलं आणि तिनं टिपरमध्ये बसून लाजत लाजत घेतलं.

पहिल्याच खेपेला, उताराच्या बऱ्याच आधी, डिझेलच्या वासानं तिला मळमळायला लागलं. मी गाडी बाजूला घेतली. ती पळसाखाली बसून ओकली. मी तिचं डोकं धरलं, तोंड धुवायला पाणी दिलं. म्हटलं, "घरी सोडून देतो." ती म्हणाली, "नाही. गाडी हळू हाका, बस." मग मी हळू हाकली. खड्डा आला की तिच्याकडे पाहायचो, धक्का लागेल असं वाटलं की आधीच सांगायचो, "पकडून बस." तिचा चेहरा पांढरा पडला होता, एक हात दाराला, एक हात तोंडाला. ती पुन्हा ओकते की काय याच काळजीत मी होतो. समोर साइडिंगचे ढीग दिसले तेव्हा कळलं, उतार मागे गेला. मी माथ्यावर थांबलोच नव्हतो.

ती पुढेही येत राहिली. रोज तिला मळमळायचं. कोणीतरी सांगितलं म्हणून ती तोंडात आवळ्याची सुपारी धरायची. थोडं बरं वाटलं की बोलायची. कोणत्या झाडाचा मोहा गोड, भावाच्या म्हशीनं यंदा काय दिलं, असलं काहीतरी. उतार आला की गप्प व्हायची आणि समोर पाहायची. माझ्याकडे कधीच पाहायची नाही. माल ओतताना टिपरचा मागचा डाला वर उठायचा, ते मात्र तिला फार आवडायचं. प्रत्येक वेळी खाली उतरून बघायची.

मग मोहफुलं पडायला लागली. एका पहाटे मी उठलो तर ती टोपली घेऊन निघाली होती.

"आज गाडीवर नाही येत काय?" मी विचारलं.

"मोहा पडून राहिला. बाया वाट पाहून राहिल्या. तुमी जा आपले."

बस, एवढंच. दारातून मागे वळून, डबा चुलीपाशी ठेवलाय, असं सांगून गेली. त्या दिवशी मी एकटाच उतरलो. हाताला घाम आला. पण गाडी थांबवली नाही. दुसऱ्या खेपेला घाम जरा कमी आला.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा अंगणभर फुलं वाळत घातली होती. तिनं पाणी दिलं, पण किती खेपा झाल्या ते विचारलं नाही. मीच सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता बाजूनं चाला, फुलं तुडवू नोका."

त्यानंतर मी कितीतरी वर्षं गाडी चालवली. ती पुन्हा टिपरवर बसली नाही. माहेरी जायला एसटीत बसली तरी तिचा जीव कासावीस होतो. पोरं मोठी झाल्यावर मी एकदा तिला विचारलं, "एवढा त्रास होत होता, तर कायले आली तू तेव्हा?"

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मले बी भेव लागत होतं. घरी बसून जास्त लागत होतं."