तर्कबाईंची फुली

कॉलेजात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांसाठी त्या तर्कबाई. पहिल्या वर्षाच्या मुलांना तर्कशास्त्र शिकवायचं, तेही सकाळच्या पहिल्या तासाला, निम्मा वर्ग जांभया देत असताना, यातच त्यांची उमेद खर्ची पडली होती. दोन विधानं, खाली एक रेघ, रेघेखाली निष्कर्ष. वैध की अवैध? अवैध असेल तर फुली. इतक्या फुल्या मारून झाल्या होत्या की आताशा मनगट ठणकायचं, आणि बाजारातसुद्धा त्यांचा हात आपसूक शिवशिवायचा.

“ताजी भाजी हिरवीगार असते बाई. ही बघा, कशी हिरवीगार!” भाजीवाला म्हणाला की यांचं सुरू.

“ताजी भाजी हिरवी असेल हो. पण हिरवी ती सगळी ताजीच, असं कुठे म्हणालात तुम्ही?”

“घ्यायची तर घ्या, नाहीतर पुढे व्हा. मागे गिऱ्हाईक खोळंबलंय.”

घरी त्या आणि त्यांचे वडील आप्पा, दोघंच. आप्पा जन्मभर शिंपीकाम केलेले. आता दुकान गेलं, पण मशीन खिडकीपाशी अजून होतं आणि शेजारपाजारचं उसवलेलं-फाटलेलं त्यांच्याकडे यायचं. धाकटी बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिचं चष्म्यांचं दुकान होतं आणि जीभ कात्रीसारखी. रविवारी ती आली की आप्पांच्या खोलीचं दार ओढून घेऊन स्वयंपाकघरात दोघींची जुंपायची.

“ताई, आप्पांनी आज मला आत्या समजून हाक मारली.”

“तुझा आवाज आत्यासारखाच आहे. तसाच कर्कश.”

“विनोद नको. तो विसरण्याचा आजार झालेली माणसं नावं विसरतात, वस्तू भलतीकडे ठेवतात. आप्पा नावं विसरतायत, काल किल्ल्या साखरेच्या डब्यात सापडल्या. मला काय म्हणायचंय ते कळतंय ना?”

“कळतंय. आणि ते अवैध आहे.”

“काय आहे?”

“आजार झालेले सगळे विसरतात, मान्य. पण विसरणाऱ्या सगळ्यांना तो आजार असतो, असं कुठे आलं यात? मीही विसरते. तू तर माझा वाढदिवस दरवर्षी विसरतेस.”

“अगं, हा तुझा वर्ग नाहीये! डॉक्टरांना दाखवायचं की नाही, तेवढं सांग.”

“निष्कर्षच निघत नाही, तर दाखवायचं कशाला?”

असं महिनोन् महिने चाललं होतं. धाकटीने काही मांडलं की तर्कबाईंनी फुली मारायची. शेजारणीच्या झग्याला आप्पांनी उजव्या खांद्यावर डावी बाही जोडली, तेव्हा त्या म्हणाल्या, “चष्म्याचा नंबर वाढला असेल.”

“नंबर मी स्वतः तपासलाय, ताई. माझंच दुकान आहे ते.”

“मग उजेड कमी असेल.”

शेगडी पेटलेली आणि वर भांडंच नाही, असं एकदा दिसलं. तर्कबाईंनी गॅस बंद केला आणि धाकटीला सांगितलंच नाही. खरी गोष्ट अशी होती की त्या दमल्या होत्या. तो आजार आहे म्हटलं की त्याच्या मागोमाग येणारं सगळं त्यांना दिसायचं. दवाखान्याच्या खेपा, दाराला आतून कुलूप, कॉलेजात असताना जिवाला घोर, आणि हे सगळं आपल्या एकटीच्या अंगावर. त्यापेक्षा फुली सोपी. आणि फुली चुकलेली नव्हती, हीच तर पंचाईत! धाकटीचा युक्तिवाद खरोखरच अवैध होता.

मग चाचणीचे पेपर परत द्यायचा दिवस उजाडला. एक प्रश्न तर्कबाईंनी गंमत म्हणून घातला होता: सर्व शिक्षक माणसं असतात. तुमच्या बाई माणूस आहेत. म्हणून तुमच्या बाई शिक्षक आहेत. वैध की अवैध, कारण द्या.

“उभी राहा,” त्या मागच्या बाकावरच्या मुलीला म्हणाल्या. “काय लिहिलंयस, वाच मोठ्याने.”

“अवैध. म्हणून बाई शिक्षक नाहीत.”

वर्ग फिस्सकन हसला.

“शिक्षक नाही? मग सकाळी सकाळी इथे उभी राहून मी काय करतेय? खडू खातेय?”

“पण मॅडम, अवैध आहे ना? तुम्हीच सांगितलंत.”

“अवैध आहे. म्हणजे या दोन विधानांवरून तो निष्कर्ष निघत नाही, एवढंच. निष्कर्ष खोटा आहे असं कुणी सांगितलं? वाट चुकली म्हणून गाव नाहीसं होतं का? गाव असेलही तिथे.”

“मग ते आहे की नाही, कसं कळणार?”

“जाऊन बघायचं. तपासायचं. फळ्यावर नाही कळत ते…”

हातातला खडू फळ्याला टेकलेला, पण रेघ पुढे सरकेना. इतकी वर्षं हीच चूक त्या पोरांच्या पेपरात लाल शाईने दाखवत आल्या होत्या, आणि घरी?

“मॅडम, अर्धा मार्क तरी?” ती मुलगी अजून उभीच होती.

“घे,” तर्कबाई म्हणाल्या. “बस खाली.”

तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत कुणी नाही असं बघून त्यांनी फोन लावला.

“डॉक्टरांची वेळ घे.”

“का? आप्पांना काही झालं का? ताई, बोल ना!”

“काही झालेलं नाही. तुझा युक्तिवाद अजूनही अवैध आहे.”

“हे सांगायला फोन केलास?”

“पण तू म्हणतेस ते खरं असू शकतं. मी ते बघायलाच तयार नव्हते. शेगडी पेटती राहिली होती परवा. तुला बोलले नाही.”

पलीकडून धाकटी एकदम हळू आवाजात म्हणाली, “दमलीस ना गं?”

“हो,” तर्कबाई म्हणाल्या. एवढा छोटा शब्द, पण तोंडातून बाहेर काढताना त्यांना धाप लागली.

डॉक्टरांनी आप्पांना तीन शब्द सांगितले, खुर्ची, नदी, लिंबू, आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारून पुन्हा विचारले.

“खुर्ची,” आप्पा म्हणाले. मग थांबले. “पुढचे दोन तुम्हीच विसरलात वाटतं?”

डॉक्टर हसले. पोरी हसल्या नाहीत. आणखी तपासण्या झाल्या, आठवडाभराने अहवाल आले. डॉक्टरांनी आडवळण घेतलं नाही. आजार आहे. मागे फिरवता येणार नाही, औषधाने थोडा हळू करता येईल. आधी आला असतात तर बरं झालं असतं, असंही ते म्हणाले.

बाहेरच्या वऱ्हांड्यात बाकावर आप्पा, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना पोरी उभ्या.

“सकाळी तुझं कॉलेज असेल तेव्हा मी येत जाईन,” धाकटी म्हणाली.

“आणि दुकान?”

“दुपारी उघडेन. सकाळी सकाळी चष्मा कुणाला हवा असतो? आणि नाही म्हणू नकोस.”

तर्कबाई नाही म्हणणारच होत्या. तोंड उघडलं, आणि मिटलं.

“कोण नाही म्हणतंय?” आप्पांनी मान वर केली. दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. थोरलीवर त्यांची नजर जरा जास्त वेळ रेंगाळली. नाव शोधत होते की नुसतेच बघत होते, ते कळेना. “ही का अशी उभी? तोंड बघ केवढंसं झालंय. बस की गं.”

ते बाकावर थोडे सरकले. तर्कबाई बसल्या.