नोर्मेलिया मावशीची साडेचार मिनिटं

नोर्मेलिया मावशी साल्वादोर शहराच्या पेरिपेरी वस्तीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहते. चौतीस वर्षं तिनं शहरातल्या एका बड्या घरी धुणंभांडी आणि स्वयंपाक केला, त्यांची तीन मुलं वाढवली, आणि त्यांच्या उंच इमारतीत कायम नोकरांच्या लिफ्टनं ये-जा केली. लिहायला-वाचायला शिकली ती पन्नाशी उलटल्यावर.

विद्यापीठासाठी मी प्रबंध लिहीत होते: काळ्या बायकांचा संघर्ष आणि चौकात म्हटली जाणारी कविता. आमच्या स्टेशनजवळच्या चौकात महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी पोरी उभ्या राहून आपापल्या कविता म्हणतात. प्रत्येकीला तीन मिनिटं. गर्दीतलेच पाच जण गुण देतात. त्या पोरींच्या आयांनी काय सोसलं हे दाखवायला मी एक प्रकरण मावशीवर लिहिलं आणि तिला वाचून दाखवायला गेले. ती अंगणात सुकट निवडत बसली होती. आठ पानं तिनं निमूट ऐकली.

"ही बाई कोण गं, लुझिया?"

"तूच की, मावशी."

"मी? अगं, आठ पानांत अकरा वेळा रडलीये ही! मी मोजलं. मालकिणीचे मोत्याचे कानातले घालून मी कार्निव्हलमध्ये तीन दिवस नाचले, ते कुठंय?"

"ते मला माहीतच नव्हतं."

"विचारलंस कधी? आलीस की तुझं सुरू, 'मावशी, सगळ्यात जास्त दुःख कधी झालं?' जशी काही डॉक्टरीणच!"

तिचं हसणं माझ्या रेकॉर्डिंगमध्ये जागोजागी होतं. हसण्यानं संघर्ष हलका वाटेल म्हणून मीच ते गाळलं होतं.

"त्या चौकात कुणालाही उभं राहता येतं ना?" ती हात झटकत उठली. "मग माझं मीच सांगते."

पुढचे दोन आठवडे दोरीवर कपडे वाळत घालताना तिची बडबड चालली होती. शनिवारी ती पिवळाधमक झगा घालून हजर. कार्यक्रम चालवणारी तायसी म्हणाली, "मावशी, तीन मिनिटं हं. पुढं गेलात की गुण कापतात."

"माझी चौतीस वर्षं गेली, आणि हिला तीन मिनिटांची पडलीये!"

गर्दी आधीच हसायला लागली. मावशीनं सुरुवात केली:

"नोकरांच्या लिफ्टमध्ये कचऱ्याची पिशवी, कुत्रा आणि मी.
कुत्र्याला नावानं हाक मारायचे.
मला म्हणायचे, तू तर घरातलीच.
घरातली होते, तर फोटोत का नव्हते?"

मग ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली:

"पण चौदाव्या मजल्यावर कामाला असलेली झुलेइदे आणि सातव्यावरची मी,
दार लागलं की नाचायचो.
सात मजल्यांत एक अख्खा सांबा बसतो, बायांनो,
मालकांच्या लिफ्टमध्ये कुणी नाचलंय का?"

बायका टाळ्या पिटत ओरडायला लागल्या. मध्येच फोनमध्ये डोकं खुपसलेला एक माणूस तिला दिसला. कविता थांबवून तिनं त्याला दटावलं, "ठेव तो. तुझ्या आईचीच गोष्ट चाललीये." त्यानं खरंच ठेवला.

साडेचार मिनिटं झाली. गुण कापले गेले आणि मावशी शेवटून दुसरी आली. तिला त्याचं काही नव्हतं, कारण रखवालदाराच्या गणवेशातली, तिच्याच वयाची एक बाई तिचा हात धरून विचारत होती, "ताई, पुढच्या महिन्यासाठी नाव कुठं द्यायचं?"

मी पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसले. या वेळी आधी हसण्याचं विचारलं, तर मावशी दोन तास बोलत राहिली. उठता उठता मी भीत भीत विचारलं, "तुझी आई गेली तेव्हा मालकिणीनं सुट्टी दिली नव्हती, ते काढू का?"

"राहू दे. ते खरंय. फक्त एकदाच लिही."

मी एकदाच लिहिलं. परवा प्रबंधाची छापील प्रत तिच्या हातात दिली. बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत तिनं पहिलं पान वाचलं, चष्मा पुसला आणि पलीकडच्या शेजारणीच्या दारावर थाप मारली.

"बाहेर ये गं, पुस्तकात माझं नाव आलंय!"