रोहिणखेड बंद आहे

नवीन प्रोजेक्ट उघडायचा म्हटलं की आजही माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं. हसू नका. स्क्रीनवर एक हिरवं बटण असतं. ते दाबलं की प्रश्न सुरू: नाव काय, पैसा कोणाचा, तास किती, रंग कोणता. रंग! माणसं उन्हातान्हात गावोगाव फिरणार आणि मी इथं मोताळ्यात पंख्याखाली बसून त्यांच्या कामाला जांभळा रंग देणार.

आमची संस्था बायकांचे भाजीपाल्याचे गट उभे करते. हेड ऑफिस पुण्यात. कोण कुठल्या कामावर किती वेळ घालवतं ते प्रत्येकानं रोज मोबाइलवर भरायचं असं पुण्यानं ठरवलं, आणि प्रोजेक्ट उघडायचं लफडं माझ्या गळ्यात टाकलं. मी सरळ गावांच्या नावानं प्रोजेक्ट उघडले. दुसरं काय करणार? आमच्या ऑफिसात सकाळी एकच विचारणा असते, "आज कोन्या गावले?" आज कोणत्या देणगीदाराकडं, असं काही कोणी विचारत नाही. पुण्याच्या साहेबांनी सगळं पाहिलं आणि मोबाइलवर अंगठा पाठवला.

रोहिणखेडचं काम आमच्या ऑफिसातल्या ताईकडं होतं. वयानं माझ्याहून मोठी, तोंडानं फटकळ, घरात कमावणारी एकटी. तिची नोकरी वर्षावर्षाच्या ऑर्डरवर. मार्चमध्ये ऑर्डर निघाली तर ठीक, नाहीतर घरी. एकदा तिचं काम बघायला गेलो तर ही बाई एका घराच्या वट्यावर बसून घरच्या बाईबरोबर मेथी निवडत होती. कोणाची सून माहेरी गेली, कोणाची म्हैस आटली, सगळं बोलून झालं. मग उठता उठता, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून अबोला धरलेल्या दोघींना तिनं हाक मारून समोरासमोर बसवलं आणि पाळी ठरवून दिली.

येताना मी विचारलं, "ताई, हे टाइमशीटमध्ये काय म्हणून भरता?"

"बसली होती म्हनून भरतो. खोटं कायले लिवू?"

पुढं रोहिणखेडला पैसा देणारा देणगीदार थांबला. पुण्यात साहेबांनी बटण दाबलं, प्रोजेक्ट बंद. दुसऱ्या दिवशी ताई मोबाइल घेऊन माझ्या टेबलाशी उभी. स्क्रीनवर लाल अक्षरं: 'रोहिणखेड बंद आहे. येथे वेळ नोंदवता येणार नाही.'

"काऊन हो भाऊ? मी तं आत्ता तिथूनच येऊन राह्यली. एसटीत बसली तवा तं गाव चालू होतं!"

मी पुण्याला फोन लावला. साहेब गोड बोलतात, तोच त्यांचा मोठा रोग. म्हणाले, "तात्पुरतं 'इतर'मध्ये टाकायला सांगा ना." हा 'इतर' सिस्टीम स्वतःच जन्माला घालते. रंग करडा, मायबाप कोणी नाही. मी ताईला दुसरं गाव देऊ केलं. तिनं साफ नाही म्हटलं. वांगी-मिरची शेतात उभी होती आणि पाण्याची पाळी तिच्या शब्दावर चालली होती. ती हटली की गट मोडणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. ती जात राहिली आणि 'इतर'मध्ये वेळ भरत राहिली.

मार्चच्या मीटिंगला साहेबांनी स्क्रीनवर सगळ्यांच्या रंगीत पट्ट्या लावल्या. हिरव्या, निळ्या, जांभळ्या. ताईची तेवढी या टोकापासून त्या टोकापर्यंत करडी. साहेब हसून म्हणाले, "या मॅडम नेमकं करतात काय?" शी! समोरची चिवड्याची बशी मी सारून दिली आणि घसा बसेपर्यंत बोललो. "पाहू," म्हणाले. ताईची ऑर्डर लटकली.

आणि थोड्याच दिवसांत त्यांचाच फोन. रोहिणखेडसाठी नवा देणगीदार मिळाला होता! नवीन प्रोजेक्ट उघडा म्हणाले. उघडला. पहिलं काम काय टाकायचं ते पुण्यानंच लिहून पाठवलं होतं: 'गावात विश्वास निर्माण करणे.' त्याला तासच तास, आणि सगळे देणगीदाराच्या पैशातले. म्हणजे वट्यावर बसून मेथी निवडणंच की हो! आयुष्यात पहिल्यांदा ते हिरवं बटण मी खुशीत दाबलं आणि ताईचं नाव टाकलं.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "नाव बदलावं लागेल. देणगीदाराला अनुभवी व्यक्ती हवी आहे."

"साहेब, रोहिणखेडचा तिच्याएवढा अनुभव कोणाला आहे?"

"सिस्टीममध्ये त्यांचे रोहिणखेडचे तास शून्य दिसतात."

प्रोजेक्ट बंद झाला तेव्हा तिचे आधीचे तासही त्याच्यासोबत गडप झाले होते.

"मग तो जुना उघडा ना परत!"

"बंद केलेला उघडत नाही हो. आणि ऑर्डरचं म्हणाल, तर नुसत्या 'इतर'वर ऑर्डर निघत नाही. आम्ही इथून एक मुलगी पाठवतोय. हुशार आहे. फक्त जाण्याआधी तुमच्या मॅडमनी तिची गावात ओळख करून द्यावी, म्हणजे बायका बोलतील तिच्याशी. तेवढे तास 'इतर'मध्ये टाका."

काय बोलावं या माणसाला? दुसऱ्याच्या ताटातलं जेवायचं आणि वर ताट त्यालाच घासायला सांगायचं! मी फोन आपटला. हात धुवावेसे वाटत होते. पण ताईला सांगायला दुसरं कोण होतं? मी तिला फोन लावला. ती रोहिणखेडलाच होती. मागं बायकांचा गलका, कपबशांचा आवाज.

"बोला भाऊ! निंघाली का माही ऑर्डर?"

"नाही निघाली, ताई. निघणारही नाही आता."

मागं बायका कशावर तरी खदाखदा हसत होत्या.

ताई म्हणाली, "बरं. मंग आजचा टाइम कायच्यात भरू?"