कार्डावरची माता

किसनाने आमच्या नवजात कक्षाच्या दाराची काच एका ठोशात फोडली, तेव्हा दुसऱ्या हातात त्याने वॉर्डबॉयची कॉलर धरलेली होती. बाळंतपणात रक्तस्राव झाल्याने त्याच्या बायकोला वरच्या मजल्यावर हलवलं होतं, आणि हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेल्हाऱ्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारा गडी. मी म्हटलं, "आधी तो हात इकडे." सात टाके पडले.

मुलगी चौदाशे ग्रॅमची. ऊब मिळावी म्हणून तिला उघड्या छातीशी धरायला माणूस हवा होता. मी यादी केली. आई बेशुद्ध, आजीला खोकला, मावशी अमरावतीला. उरला किसना.

त्याने मुलीच्या खाटेवर लावलेल्या कार्डावर बोट ठेवलं. "इथं 'कांगारू माता' लिवलं हाये, सिस्टर. मले काहून? ह्या हातानं म्या निस्तं मारलंच हाये."

"हात नकोत, छाती हवी आहे. शर्ट काढ."

पाठीवर पट्ट्याचे जुने वण होते. डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. "बाबाची देन," एवढंच म्हणाला.

मुलीचा श्वास मध्येच थांबायचा. किसना बोलला, की पुन्हा चालू व्हायचा. म्हणून तो तासन्‌तास बोलत राहायचा, जिनिंगमधल्या मारामाऱ्यांबद्दल, अगदी हळू आवाजात.

तिसऱ्या दिवशी त्याचे वडील आत घुसले. "सोयर हाये! बारशाआधी बापानं लेकराले शिवू नाही! बाई झाला का बे?" आणि उजव्या कानावर सणसणीत चपराक बसली. किसनाच्या मानेची शीर तटतटली. मला वाटलं, आता हा उठणार, आणि पोरगी पडणार.

तो उठला नाही. मुलीवर धनुष्यासारखा वाकला आणि पाठ पुढे केली. वॉचमन येईपर्यंत चार बुक्के बसले.

"मारा, बाबा," तो म्हणाला. "पन बोला हळू. पोरगी झोपून राहिली."

मूठ आवळून धरल्याने हाताच्या टाक्यांतून रक्त आलं होतं. मुलीचा श्वास मोजला. नीट चालू होता. मग कार्डावरची 'माता' खोडून मी 'बाप' लिहिलं.

वर्षाने तो बायको-लेकीला घेऊन भेटायला आला. कडेवरच्या लेकीने खिदळत त्याच्या गालावर फाडकन चापट मारली. मी दचकले. त्याने डावा कान पुढे केला.

"इकडं मार, माय. ह्याले सवय हाये."

मी त्याच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही तिच्याखाली होते.