उद्याच्या तासाचा शेरा

पर्यवेक्षक वर्गात आले. पोरं उठली, हात जोडून एका सुरात ओरडली, "एक साथ नमस्ते!" त्यांच्याबरोबर मीही ओरडलो. हात जोडून. मी, सातवी 'ब'चा विज्ञान शिक्षक. नोकरीचा तिसरा दिवस. सवय, दुसरं काय! जन्मभर बाकावरूनच नमस्ते केलेलं.

पोरं हसली. मीही हसलो. साहेब हसले नाहीत.

"मग बसा की त्यांच्यातच," म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा. तोंडावर हसू ठेवून उभा राहिलो. त्यांनी बोटानं शेवटचं बाक दाखवलं. तिथली मुलगी सरकली, हळूच म्हणाली, "सर, इथं या." माझे गुडघे बाकाखाली मावेनात. माझा तास साहेबांनी घेतला. मध्येच मला उभं करून प्रश्न विचारला. उत्तर येत होतं. पण सगळा वर्ग वळून बघत होता. शब्द फुटला नाही.

"असू दे," साहेब गोड आवाजात म्हणाले. "तुमच्या घरी शिकवणारं कोण असणार? आम्ही आहोत ना मार्गदर्शनाला."

माझं घर कुठं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. आडनावावरून अंदाज पक्का होईना, म्हणून पत्ता. घाटकोपर म्हटल्यावर, "घाटकोपरात कुठं?" टेकडीवरची वस्ती म्हटल्यावर, "अच्छा."

मुलुंडची खाजगी शाळा ती. नव्या शिक्षकाला दोन वर्षं सांभाळून घ्यायचं, मग एप्रिलात कायम करायचं, नाहीतर काढायचं. सांभाळायचं काम साहेबांचं. आठवड्यातून एकदा माझ्या तासाला मागं बसायचे, लॉगबुकात शेरा लिहायचे. खाली मी 'वाचले' लिहून सही करायची. करायचो. न वाचता! कारण शेऱ्यावर साहेबांचा पंजा पसरलेला असायचा आणि पेन माझ्या नाकासमोर. मोठ्या माणसाला हात उचला कसं म्हणायचं? शिवाय वर चहा पाजायचे. मी घरी येऊन बायकोला सांगायचो, साहेब खूष आहेत आपल्यावर. असा मी हुशार.

मार्गदर्शन हा शब्द ऐकला की माझे खांदे अजून आखडतात.

दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये शेजारच्या वर्गाच्या परबबाईंनी मला जिन्यात गाठलं. वर-खाली बघून घेतलं.

"मेल्या, सही करतंस ता वाचतंस तरी?"

"का हो बाई?"

"तुझ्याआधी दोघे गेले त्याच वहीवर. दोघंय तुमच्यातलेच."

आणि उतरून गेल्या. जणू माझ्याशी बोलल्याच नाहीत.

त्यानंतरच्या सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वही पुढं केली. त्या दिवशी तर ते माझ्या तासाला आलेही नव्हते. पंजा जागेवर. पेन नाकासमोर.

"सर, हात," मी म्हणालो.

एवढंच. पण केबिनमधला पंखा एकदम मोठ्यानं ऐकू यायला लागला. हात सावकाश बाजूला झाला.

मी आधी मागची पानं उलटली. 'वर्गावर ताबा नाही.' 'विषयज्ञान तोकडे.' 'सुधारण्याची इच्छा दिसत नाही.' प्रत्येकाखाली माझं वळणदार 'वाचले'. दोन वर्षं मी स्वतःच्या हातानं स्वतःला काढत आणलं होतं. मग शेवटचा शेरा. तारीख मंगळवारची. 'हवेच्या दाबाचा प्रयोग फसला. ग्लासातले पाणी सांडले. वर्गात हशा.'

"सर, हा प्रयोग उद्या आहे."

"वेळ वाचतो," साहेब म्हणाले. "करा सही."

शूर वगैरे मी नव्हतोच कधी. पण लिहिलं. 'हा तास अजून झालेला नाही. शेरा अमान्य.' मग सही. त्या वहीतली पहिली, वाचून केलेली.

साहेबांनी शाई वाळू दिली. वही मिटली. आवाज तसाच गोड.

"एप्रिल जवळ आलाय. घरी सांगून ठेवा."

चहा आला नाही. दारातल्या शिपायानं माझ्याकडं बघणंसुद्धा टाळलं.

घरी सांगितलं. आमची ही पीठ मळत होती. शेरे सांगितले, साहेब खूष असल्याची माझी बढाईही कबूल केली. तिनं परात बाजूला सारली. हात धुतले. पितळी पेला काठोकाठ भरला, खिळ्याला टोचलेल्या पत्रांतून एक पोस्टकार्ड काढलं आणि दोन्ही माझ्यापुढं ठेवलं. पेल्यावर कार्ड दाबून मी पेला उलटा केला. सांडलं. पुन्हा केला. सांडलं. जमीन ओली, माझी पँट ओली. तिसऱ्या वेळी कार्ड चिकटून राहिलं.

"नाही सांडलं, तरी साहेब लिहायचं ते लिहिणारच," मी म्हणालो.

"लिहू देत," ती म्हणाली. "उद्या साठ पोरं डोळ्यांनी बघतील, ते कोण खोडणार आहे? भरा पुन्हा."