अण्णांच्या लाखेखालचा स्क्रू

फत्तेसिंग अण्णांना माझं पुणेरी मराठी ऐकलं की हसू यायचं. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर बेंगळुरात आलं. मी मात्र कंपनीच्या बसमधून आले, असं ते येईल त्याला सांगत. महादेवपुऱ्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून मी शहराबाहेरच्या छोट्या धावपट्टीजवळच्या वर्कशॉपमध्ये लागले आणि त्यांच्या तावडीत सापडले. दोन माणसांच्या लहान विमानांचं विजेचं काम आम्ही करत असू. अण्णा बासष्ट वर्षांचे होते. एका मोठ्या कारखान्यात उपकरणं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि निवृत्तीनंतर घरी बसायच्या कल्पनेनंच ते वैतागले होते.

जुन्या विमानातले तारेचे बल्ब काढून तिथं एलईडी बसवायचे, हे आमचं नेहमीचं काम. एलईडी निवडण्यात काय मोठंसं, असं मला वाटायचं. अण्णांनी मी निवडलेल्या दिव्यांचा पहिला डबा तसाच परत पाठवला. स्वच्छ काचेचा दिवा समोरून डोळ्यात घुसतो आणि बाजूनं दिसत नाही, म्हणून दुधी काचेचाच हवा. हिरवा भडक नको. लाल दिवा धोक्याचा, तो फार मंद करायचा नाही. खरी कसोटी बाकीचे मंद करण्यात. भर उन्हात दिवा दिसला पाहिजे आणि संधिप्रकाशात त्यानंच वैमानिकाचे डोळे दिपता कामा नयेत. जुना बल्ब वीज कमी केली की गुमान मंद होत जायचा. एलईडी हट्टी, बराच वेळ तसाच जळतो आणि मग एकदम विझतो. म्हणून त्याला वेगळी डबी लागते. वैमानिकानं बटण पार खाली फिरवल्यावर दिवा किती उरावा, ते त्या डबीतल्या बारीक स्क्रूवर ठरतं.

मोजायला यंत्र होतं, पण अण्णांचा भरवसा स्वतःच्या डोळ्यांवर. भरदुपारी विमानाच्या काचेवर काळं घोंगडं टाकून ते आत पंधरा मिनिटं गप्प बसत. डोळे अंधाराला सरावले की स्क्रू फिरवत, दिवा जेमतेम वाचता येईल इतका ठेवत, स्क्रूवर लाल लाखेचा ठिपका देत आणि कामाच्या कार्डावर सही करत. लाख लागली की त्या स्क्रूला कुणी हात लावायचा नाही, हा आमच्या वर्कशॉपचा धर्म.

तो मी मोडला. मागच्या वर्षी मार्चमध्ये बसवंत नावाचा आमचा वैमानिक सूर्यास्ताच्या सुमारास उतरला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, दिवे समोरच्या काचेत चमकतात, धावपट्टी नीट दिसत नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा जेवायला गेल्यावर मी घोंगड्याखाली जाऊन बसले. हवे त्याच्या तिप्पट तरी दिवे प्रखर होते. म्हणजे एवढा उजेडही अण्णांना जेमतेम वाचण्यापुरताच दिसत होता. वयच झालंय, मी मनात म्हटलं. जाऊन सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी लाख खरवडली, स्क्रू फिरवला, यंत्रावर पडताळून घेतलं आणि वर नवा ठिपका दिला.

मग ती सवयच झाली. चौदा महिन्यांत सात विमानं. अण्णा सही करून वळले की मी मागून जाऊन त्यांचं काम पुसायचे. त्यांचा मान राखते आहे असं मला वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःच्या मोठ्या मनाचं मला कौतुकही वाटायचं. आता त्या कौतुकाची किळस येते.

मे महिन्यात विमानाच्या पंखाचं टोक अण्णांच्या कपाळाला लागलं. पंख त्यांच्या उजव्या बाजूला होता, हातभर अंतरावर, आणि त्यांना तो दिसलाच नव्हता. त्यांना आणि त्यांच्या बायकोला, सकवारअक्कांना, मीच गाडीतून जे. पी. नगरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन तास तपासण्या चालल्या. काचबिंदू निघाला. तो दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात आत येतो. उजवा डोळा जवळजवळ गेला होता, डावा अर्धा उरला होता.

मंद उजेडात दिसायला गेल्या वर्षभरात त्रास होत होता का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. अण्णा खुर्चीत ताठ बसले.

"छे. माझं कामच मंद उजेडातलं. दर दोन महिन्यांनी माझ्या डोळ्याची परीक्षा होते. मी लावलेल्या दिव्यांबद्दल एकाचीही तक्रार नाही."

बाई म्हणाल्या, मग हे फार झपाट्यानं वाढलेलं दिसतंय. अण्णांनी मान डोलावली. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी धीराचं बोल अशा आशेनं.

"तक्रार होती," मी म्हटलं. "मागच्या वर्षीच्या मार्चपासून."

मी सगळं सांगितलं. बाईंनी मधे एकदाच विचारलं, मार्च नक्की ना? मग त्या अण्णांना हळू आवाजात म्हणाल्या, तेव्हा आला असतात तर औषधाच्या थेंबांवर बरीच नजर टिकली असती. गेलेली आता परत येणार नाही, आहे ती सांभाळायची.

परतताना गाडी सिग्नलला थांबल्यावर अण्णांनी विचारलं, "किती विमानं?"

"सात."

"सरी," ते म्हणाले. कानडीतलं 'ठीक आहे'. सिग्नल सुटला तेव्हा म्हणाले, "सातही कार्डांवर खाली तुझं नाव घाल. माझ्या सहीवर माणसांनी विमानं उडवली गं. दिवे कुणी लावले ते लिहिलेलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी ते केलं आणि वर्कशॉपच्या मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी मला कामावर ठेवून घेतलं. अण्णा पुन्हा वर्कशॉपला आले नाहीत. ते माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला रडता तरी आलं असतं.

मी दर रविवारी त्यांच्याकडे जाते. ते हसून ये म्हणतात, कॉफी देतात, बसवंतची चौकशी करतात. परवा त्यांच्या डाव्या डोळ्याचा नवा अहवाल आला होता. बारीक इंग्रजी अक्षरं त्यांना आता लागत नाहीत, म्हणून मीच हात पुढे करून कागद घेतला. नजर आणखी गेलीय का, त्यांनी विचारलं. मी दोनदा वाचलं.

"नाही अण्णा. मागच्या वेळेइतकीच आहे."

ते खरं होतं. अण्णांनी मान हलवली, माझ्या हातून कागद हळूच काढून घेतला आणि स्वयंपाकघरातून अक्कांना बोलावलं. "स्वल्प, जरा हे वाच गं," ते म्हणाले. अक्कांना इंग्रजी एकेक अक्षर जोडून वाचावं लागतं. त्यांनी पदरानं हात पुसले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. अण्णा त्यांच्याकडे कान लावून बसले होते, आणि मी शेजारी.